न गेलेल्या दिवसांची हजेरी

रश्मी मॅडमच्या टेबलासमोर रांगेत उभं असताना जान्हवीने मनात सगळं बोलणं जुळवून ठेवलं होतं. मॅडम, आई जिन्यावरून पडली, पाय प्लॅस्टरमध्ये आहे. घाटकोपरला ती तीन घरी स्वयंपाक करते. बदली कोणी गेलं नाही तर कामं सुटतील, म्हणून मी जात होते. माझी हजेरी भरत नाही, ठाऊक आहे मला. काही होईल का?

मुलुंड चेकनाक्याजवळची ती खासगी आयटीआय, आणि जान्हवी तिथे फिटर ट्रेडला पहिल्या वर्षात. घरच्यांनी फी भरली होती ती एकाच भरवशावर. उत्पन्नाचा दाखला मर्यादेत बसला, बँकेचं खातं आधारला जोडलेलं असलं आणि हजेरी शंभरात पंचाहत्तर भरली, तर फीचा मोठा हिस्सा सरकारकडून परत मिळणार होता. पहिल्या दोन गोष्टी जमल्या होत्या. तिसरीची वाट लागली होती.

रश्मी मॅडमनी स्क्रीनवर बोट फिरवलं. "दाखला आहे, आधार आहे. हजेरी ऐंशी टक्के. पात्र आहेस तू. चला, पुढची कोण?"

"ऐंशी?"

"का गं, कमी वाटते?"

जान्हवी रांगेतून बाजूला झाली.

दारातल्या यंत्रासमोर चेहरा धरला की हजेरी लागायची. दुसऱ्या कोणाचा चेहरा आपल्या नावावर लागत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि वर्कशॉपमध्ये गेली. भीमराज सरांनी तिला बघताच लोखंडाचा एक चौकोनी तुकडा पुढे केला. त्यावर तिचाच रोल नंबर ठोकलेला होता.

"कालचा तुझा जॉब. गुण्या लावून काटकोन बघितला, कुठूनही उजेड दिसत नाही. झकास! पण हाक मारली की ओ देत जा जरा."

काल त्या वेळी जान्हवी घाटकोपरला तव्यावर पोळ्या टाकत होती.

शेजारच्या बाकावरची गार्गी तिच्याकडे बघत होती. "आज बोलतेयस वाटतं! इतके दिवस तोंडाला कुलूप. परवा वडापाव धरला समोर तर नुसती बघत बसलीस."

"गार्गी, मी परवा इथे होते?"

"ए, मस्करी नको ना यार," गार्गी म्हणाली आणि थोडी सरकून उभी राहिली.

पुढच्या आठवड्यात मालनचं, म्हणजे तिच्या आईचं, प्लॅस्टर निघालं. थोडे दिवस सुट्टी द्या, मग मी येते, असं घाटकोपरच्या घरांना सांगून मालनने लेकीला मोकळं केलं. जान्हवी सकाळी आयटीआयत पोचली, यंत्रासमोर उभी राहिली. यंत्र म्हणालं, "आपली हजेरी आधीच नोंदवली आहे."

ती धावतच वर वर्कशॉपमध्ये गेली. तिच्या बाकाशी कोणी नव्हतं. व्हाइसमध्ये जॉब आवळलेला होता, आणि कानशीची मूठ गरम होती.

"तू आत्ता मागच्या दाराने बाहेर गेलीस ना?" गार्गीचा आवाज बारीक झाला होता. "मग पुढून कशी आलीस?"

त्या दिवशी जान्हवी तशीच घरी परतली. मालन मेथी निवडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं तरी तिचे हात थांबले नाहीत. कणकवलीकडची बाई ती, सहसा घाबरायची नाही.

"तिना तुझा काय वायट केल्यान?" मालन म्हणाली. "तुझी जागा धरून रवली. जा नि सांग तिका, आता मी इलंय म्हणान."

दुसऱ्या दिवशी शिपायाने शटर वर करताच जान्हवी आत शिरली. तिच्या आधी कोणी येणं शक्य नव्हतं. तरी वरून कानशीचा आवाज येत होता, खर्र, खर्र, एका लयीत.

बाकाशी ती दुसरी पाठमोरी उभी होती. राखाडी एप्रन, एका बाजूला ओढलेली वेणी. मानेवर केसांखाली एक तीळ होता. आपल्याला तिथे तीळ आहे की नाही, हे जान्हवीला माहीत नव्हतं. स्वतःची मान कोण बघतं?

"मी आले गं," ती कशीबशी म्हणाली. "आता मी करते."

आवाज थांबला. पाठमोरीने कानस बाकावर ठेवली, एप्रनला हात पुसले आणि न वळता मागच्या दाराने निघून गेली. ती वळली नाही म्हणून जान्हवीला हायसं वाटलं. खाली येऊन तिने यंत्रासमोर चेहरा धरला. यंत्राने निमूट हजेरी घेतली.

त्याच आठवड्यात मालन लंगडत लंगडत घाटकोपरला कामावर गेली, आणि तासाभरात परत आली. जान्हवी नुकतीच घरी येऊन चहा ठेवत होती.

"एवढ्यात आलीस?"

"शेठाणी म्हणता, असल्या पायान कित्याक इलंस? तुझा चेडू आत पोळ्यो करता."

जान्हवीने गॅस बंद केला. "आणि तू आत गेलीस?"

"गेलंय. ओट्याकडे हुबी होती, पाठ करून. माका दया इली. म्हटलंय, बाये, दमलंस गे. बस जरा, मी लाटतंय."

"मग?"

मालनने पुढे होऊन गॅस पुन्हा पेटवला.

"तोंड वळवल्यान तिना," ती म्हणाली.

"आणि? आई, कसं होतं तोंड?"

"काय नाय. तू च्या पी."

त्या संध्याकाळी मालनने ताट वाढलं, पण जान्हवीच्या चेहऱ्याकडे एकदाही बघितलं नाही. घाटकोपरची तिन्ही कामं तिने फोनवरूनच सोडली आणि भांडुपला नवी धरली. काय बघितलं ते जान्हवीने पुष्कळदा विचारलं, शपथ घातली. मालन दर वेळी उठून दुसऱ्या कामाला लागायची.

फीचे पैसे होळीच्या सुमारास खात्यात आले. रश्मी मॅडमनी स्वतः बोलावून सांगितलं. आपली जागा पुन्हा रिकामी राहू नये म्हणून जान्हवीने त्यानंतर एकही दिवस चुकवला नाही. अंगात ताप असला तरी ती उठायची, आणि मालन तिला अडवायची नाही, उलट डबा भरून दारापर्यंत सोडायला यायची.