उन्हाचा पुरावा

रुखमाबाईच्या घराचे काळे पडदे मी शिवले, म्हणून गावानं मलाही तिच्या जादूत सामील धरलं. धरोत बापडे. मी नूर मोहम्मद, चांद्याकडच्या सावली गावाजवळच्या या खेड्यातला एकटाच शिंपी. कोणाचं झंपर बिघडलं तरी माझंच नाव निघतं.

रुखमाबाईला तंबाखूनं गालात कॅन्सरची गाठ झाली होती. तिची भाची यशोधरा नागपुरात डॉक्टर; याच रोगावर संशोधन करायची. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तिनंच मावशीवर उपचार केला. मला समजेल असं सांगितलं: आपलं मांस कोलॅजन नावाच्या धाग्यांनी बांधलेलं असतं, गाठ एक एन्झाइम सोडते, ते हे धागे उसवतं आणि गाठ पसरत जाते. उपचारानंतर ते उसवणं थांबतं का, हे ती प्रयोगशाळेत मोजत होती. उपचार असा की सुईनं औषध द्यायचं, ते गाठीत मुरलं की तिच्यावर लाल उजेड सोडायचा. उजेड पडला की औषध गाठीला मारतं. पण ते कातडीतही महिनाभर राहतं. तोवर ऊन लागलं तर माणूसच भाजून निघणार.

म्हणून रुखमाबाई अंधारात, आणि म्हणून माझे पडदे. दवाखान्यात तिचा जीव रमेना, तेव्हा तिला गावी आणलं. यशोधरा दर सोमवारी येऊन बघून जायची.

तेवढ्यात शेजारच्या बापूरावाचं पोरगं तापानं गेलं. मलेरियाच तो. पण बापूरावाला मलेरिया नको होता, कोणीतरी माणूस हवा होता. दिवसाढवळ्या दार लावून बसणारी बाई काय करत असेल? करणी. ज्या बाईनं छप्पन साली चांद्याला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन देवांसकट भुतंही सोडली, तिच्यावर हा आळ! मला अजून संताप येतो.

सोमवारी सकाळी बापूराव दहा-पंधरा जण घेऊन आला. मी दारात आडवा झालो.

"बापूरावभाऊ, बाई बिमार हाये. तिले ऊन नाई चालत, डॉक्टरीनबाईनं सांगतलं हाये."

"काऊन नाई चालत? आमाले तं चालते."

"सुईचं औषध हाये तिच्या अंगात."

"बाजूले हो, नूर."

झालो नाही. हातातली कात्री त्याच्या दंडात खुपसली. त्याचा मला आजही पस्तावा नाही. मग त्यांनी कुऱ्हाडीच्या दांड्यानं माझी बोटं ठेचली, फासळ्या मोडल्या आणि मला ओट्याखाली फेकलं. दार फोडलं. रुखमाबाईला केसांना धरून फरफटत अंगणात आणलं आणि बैलबंडीच्या चाकाला बांधलं. वैशाखातलं आमचं ऊन म्हणजे तापलेला तवा. ती ओरडली नाही. "मले सावलीत न्या, बापूराव, तुमच्या पाया पडते," एवढंच म्हणत राहिली.

थोड्याच वेळात तिचा चेहरा लाल झाला, सुजला, डोळे मिटले. मग दंडांवर फोड आले. गर्दी मागं सरकली. मला वाटलं, आता सोडतील.

"पाहा," बापूराव म्हणाला. "आपुनबी उनातच उभे हावोत. आपल्याले काई झालं? ऊन जादूवालीलेच जाळते."

मग कोणाच्या मनात शंका उरली नाही. औषधाचा गुण तिच्या गुन्ह्याचा पुरावा ठरला. दगड आले, दांडे आले. रोज माझ्या मशीनजवळ चहा प्यायला बसणारा सोमाजीही त्यात होता. तिची मान कलली तरी ते मारतच होते.

यशोधरा बसमधून उतरून आली तेव्हा लोक पांगत होते. तिनं मावशीच्या मानेवर बोटं ठेवली, बराच वेळ ठेवली. मग बॅटरी काढून तिचं तोंड उघडलं आणि आत पाहिलं. ती रडली नाही. उठली, बापूरावाची मानगूट धरली आणि त्याला मावशीच्या तोंडावर वाकवलं. एवढा धिप्पाड गडी, पण त्यानं तिचा हात झटकला नाही.

"पाहा. इथी गाठ होती. गाल साफ झाला."

बापूरावानं पाहिलं. त्याचा आवाज उतरला. "मंग हे घरात लपून काऊन राह्यली होती?"

"लपून नाई. औषध उतराची वाट पाहून राह्यली होती," यशोधरा म्हणाली. "पुढच्या सोमवारी मीच तिले हात धरून उनात आननार होती."