थोरला आणि धाकटा

"हेच का ते झाड?" म्हातारीने विचारलं आणि वनरक्षकाने नुसतंच झाडापुढच्या पाटीकडे बोट दाखवलं.

आजवर ज्याने त्याने हाच प्रश्न विचारला होता आणि तो बिनदिक्कत "हेच" म्हणत आला होता. पण ही बाई प्रेक्षक नव्हती. त्या गाजलेल्या सिनेमात झाडाच्या ढोलीत लपलेली नायिका म्हणजे हीच. आता हातात काठी, सोबत लेक.

खरं झाड आत जंगलात होतं. त्याला सगळे थोरला म्हणत. सिनेमा चालला आणि तिथे माणसांची रीघ लागली. फोटोपायी मुळं तुडवून तुडवून माती दगड झाली, अर्धं झाड वाळलं. वरच्या साहेबांना सांगून वनरक्षकाचं तोंड दुखलं. शेवटी एका पहाटे त्याने सिनेमाची पाटी उपटली आणि फाटकाजवळच्या दुसऱ्या ढोलीच्या झाडापुढे रोवली. हा धाकटा खडकावर वाढलेला, कुणाच्या पायांना दाद न देणारा. लोकांना फोटोशी मतलब. कुणी हूं की चूं केलं नाही. बायको तेवढी म्हणायची, "एवढं धडधडीत खोटं बोलता, आणि वर घोरता कसे हो?"

म्हातारीने ढोलीत हात फिरवला. लेक फोन काढत होती, तेवढ्यात म्हातारी हळूच म्हणाली, "त्या ढोलीत गुडघे पोटाशी घेऊन बसले होते मी. इथं तर खाट मावेल."

वनरक्षकाचा चेहरा उतरला. "बाई, हे बाहेर फुटलं तर तो थोरला वाचायचा नाही."

"आहे अजून?"

"आहे. वाळल्या अंगाला पालवी फुटतीये आता."

"त्यालाच भेटायला आले होते हो. आता पुन्हा कुठलं येणं होतंय."

त्याला फार वाईट वाटलं. "चला, नेतो तुम्हाला. गुपचूप."

तिने लेकीकडे एक नजर टाकली. "नको. माझ्यामागे ही येईल, हिच्यामागे फोटो." मग लेकीकडे वळून मोठ्याने म्हणाली, "अगं, हेच ते. काढ फोटो." आणि तिने सिनेमातल्यासारखाच धाकट्याच्या खोडाला गाल टेकवला. क्षणभर वनरक्षकालाही ते खरं वाटलं.

निघताना ती म्हणाली, "त्याला सांगा, गुडघे अजून दुखतात."

संध्याकाळी तो थोरल्याकडे गेला आणि सावलीच्या कडेलाच थांबला. मुळांवर तो स्वतःही पाय देत नसे. तिथूनच त्याने निरोप सांगितला, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून मागे पाहिलं, आणि घरी गेला.