गंजकं कुलूप

फाटकाची ड्यूटी महिनाभर बाईंच्याच गळ्यात पडली होती, कारण बाकीच्या शिक्षकांचे गुडघे, कंबर आणि संसार नेमके सकाळीच दुखायला लागत. घंटा झाली की फाटकाला कुलूप, आणि नंतर येईल त्याने पालकांना घेऊन यायचं, असा नियम वरून आला होता. तो पाळतात की नाही हे मुख्याध्यापक आपल्या खिडकीतून बघत, आणि पोरांच्या शिव्या मात्र खाली बाई खात. "इतकी वर्षं शिकवून शेवटी पहारेकरी झाले," असं त्या घरी आईला सांगत. आई अंथरुणावरूनच हसायची. बाईंना तेवढंही हसू येत नसे.

बरं एवढंच, की कुलूप गंजकं होतं. घंटा झाली की बाई किल्ली घालून खटपट करत, कुलपाला नावं ठेवत, आणि तेवढ्यात नववीतली ती मुलगी धापा टाकत आत शिरायची. धाकट्या भावाला लांबच्या शाळेत सोडून ती धावत यायची. तिचा बाप निमित्तच शोधत होता. मला शाळेत बोलावलं तर नाव काढून दुकानात बसवीन, असं त्याने तिला बजावलं होतं, आणि तो नुसता बोलणारा माणूस नव्हता.

त्या दिवशी घंटा झाली, बाईंनी किल्ली फिरवली आणि कुलूप खटकन लागलं.

"काल तेल घातलं बाई," शिपाईकाका खुशीत म्हणाले. "रोज किती झटापट करता. बघवेना मला."

यांच्यावर चिडावं की यांचे आभार मानावेत, बाईंना कळेना. दोन्हीचं त्राण नव्हतं.

मुलगी कोपऱ्यावरून धावत आली. फाटक बंद दिसताच थांबली. रडली नाही, गयावया केली नाही, दप्तर सावरून परत फिरली. बाईंनी गजांतून हाक मारली.

"ए, थांब!"

कुलूप उघडलंही तितकंच चटकन. बाईंनी तिला आत ढकललं, स्वतः बाहेर गेल्या आणि किल्ली काकांच्या हातात कोंबली.

"लावा कुलूप."

"अहो, पण तुम्ही बाहेर..."

"लावा म्हणते ना!"

मुलगी वर्गाकडे पळाली आणि मुख्याध्यापक जिना उतरून आले.

"फाटक कोणासाठी उघडलं होतं?"

"माझ्यासाठी, सर. आज उशीर झाला."

बाईंच्या गळ्यात ड्यूटीची शिट्टी तशीच लटकत होती. सरांनी ती पाहिली.

"नियम सगळ्यांना सारखा आहे, बाई."

"हो ना," बाई गजांना टेकून म्हणाल्या. त्या फार दमल्या होत्या. "पालकांना आणायला हवं. पण आईला उठवत नाही, तेव्हा तुम्हालाच घरी यावं लागेल."

 सरांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि काकांकडे वळले.

"कुलपात तेल घालायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"