सूप घरचे असावे

मी सूप बोलतोय. थांबा, थांबा, चमचा आणायला उठू नका! मी प्यायचं सूप नव्हे, पाखडायचं सूप. बांबूचं, तीन बाजूंनी कठडा आणि पुढून उघडं. व्याकरणात मी 'ते सूप', तेव्हा 'मी बोलतंय' असं म्हणायला हवं, हे मला ठाऊक आहे. पण तसं म्हटलं की पाळण्यातलं बाळ बोलल्यासारखं वाटतं आणि माझं तर आता वय झालं. म्हणून आपलं बोलतोयच बरं.

माझा जन्म कल्याणचा. धोंडीबा बुरूड बांबूच्या कामट्या सोलायचा आणि त्याची बायको गोदा त्या विणायची. मी विणून झालो तेव्हा तिने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की शेजारच्या परड्या दचकल्या. "वाजतंय बघा कसं!" असं म्हणून तिने मला दुकानाच्या तोंडाशी मांडलं.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षीच्या दिवाळीआधी आवडाबाईने मला विकत घेतलं. घेण्याआधी मला उलटंपालटं केलं, उन्हात धरलं, वाकवलं, नाकाशी नेलं. मुलगी बघायलासुद्धा लोक एवढा वेळ घेत नाहीत. मग ऊन लागतं म्हणून मला डोक्यावर उपडं घातलं आणि रुळांच्या कडेकडेने ठाकुर्लीवरून चालत डोंबिवलीला आणलं. वाटेत भेटलेला प्रत्येक माणूस हसला. मला वाटलं, माझ्या रूपावर खूश आहेत.

आवडाबाईचं घर स्टेशनच्या पश्चिमेला, कोपरच्या वाटेवर. नवरा धाकू जन्मभर मिठागरात राबला आणि चार वर्षांपूर्वी गेला. मागे थोडं भाताचं शेत आणि पुढे हिने हिमतीने बांधलेली चार खोल्यांची चाळ. बाई अंगाने काटकुळी, पण हात काय होता म्हणून सांगू! फट् फट् फटाक! तीन झटक्यांत तांदूळ माझ्या पोटात, कण्या माझ्या ओठाशी आणि कोंडा थेट अंगणात, शेजारणीच्या वाळवणावर. वर "वारा फिरला गो, मी काय करू?" हे उत्तर तयार.

दर वर्षी थंडीच्या तोंडाला, फटी बुजाव्यात म्हणून, ती मला सारवायची. जुने कागद भिजवून त्यांचा लगदा करायचा, त्यात वाटलेली मेथी घालायची आणि माझ्या अंगभर लिंपायची. एकदा ती अशीच कागद फाडत बसली असताना शेवटच्या खोलीतली सुमेधा आली. सुमेधा कल्याणची, लग्न होऊन नुकतीच इथे आलेली. नवरा सकाळी फोर्टातल्या कचेरीत गेला की हिला दिवस खायला उठायचा.

"अहो आवडाबाई, छान गोष्ट आहे त्या कागदावर. वाचून तरी फाडा!"

"मना कुठं वाचाला येतं, बाय?"

झालं! दुसऱ्या दिवसापासून शाळा सुरू. पाटी नव्हती, म्हणून सुमेधाने माझ्या पोटात कण्या पसरल्या आणि बोटाने अक्षरं काढली. पहिला शब्द कुठला शिकवावा? समोर मीच होतो. सू. प. आवडाबाईचं बोट माझ्यावर फिरत होतं आणि मला अशा गुदगुल्या व्हायच्या की दहा-वीस कण्या उडून जायच्या. वर्षभरात ती अडखळत का होईना, पण वाचू लागली. तोटा एवढाच झाला, की लगद्याचा प्रत्येक कागद आधी वाचून मगच भिजायचा. माझं सारवण त्या वर्षी पंधरा दिवस रखडलं.

आता मुख्य गोष्ट सांगतो. साल त्रेपन्न, पौषातली थंडी. सुमेधा आठ दिवसांसाठी माहेरी गेली होती. एके सकाळी आवडाबाई शाळेच्या भिंतीपाशी थांबली. तिथे भगिनी मंडळाची नोटीस लागली होती. कुणी मदतीला नव्हतं. तिने भिंतीला बोट लावलं आणि अख्खी नोटीस एकटीने वाचली. घरी येऊन मला खुंटीवरून काढलं नि चक्क नाचवलं. "तुजं नाव हाय रं त्याच्यात! तुजं!"

नोटीस अशी होती: 'सूप स्पर्धा. शनिवारी दुपारी तीन वाजता. सूप घरचे, स्वस्त आणि थंडीत ऊब देणारे असावे. प्रत्येकीने आपले सूप घेऊन यावे.'

मी फुशारलो खरा, पण लगेच एका शब्दाशी अडलो. घरचे? मी तर कल्याणच्या बाजारातला, विकतचा! आवडाबाईलाही तीच काळजी. दोन दिवस तिने विचार केला. मग म्हणाली, "इकत आनलं, पन सारवलं कोनी? मी. मंग घरचंच झालं." स्वस्त तर मी होतोच. राहता राहिली ऊब. सूप ऊब कशी देणार? ती चुलीपुढे बसून डोकं खाजवत होती आणि विस्तव विझत आला म्हणून मलाच हातात घेऊन वारा घालत होती. जाळ भडकला नि तिचा चेहरा उजळला. "आगो बाय, ही बघ ऊब!"

तिला एकच घाई झाली होती. सुमेधा मंडळात होती, ती शनिवारी माहेरून परस्पर तिथेच येणार होती. आपण एकटीने नोटीस वाचली हे तिला कधी एकदा सांगतेय, असं तिला झालं होतं.

शनिवारी ती मला नव्या सारवणात नटवून, पाखडून दाखवायला पोटात कोंड्यासकट कण्या घेऊन शाळेच्या आवारात पोचली. तिथे सहा-सात बायका झाकणं घातलेली पातेली घेऊन बसल्या होत्या. मंडळाची चिटणीस सरोज पुढे आली.

"या आवडाबाई! सूप कुठंय तुमचं?"

"ह्ये काय!" आवडाबाईने मला दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलं.

आणि मग जो हशा उसळला! एकीच्या हातातलं झाकण पडून घरंगळत फाटकापर्यंत गेलं. आवडाबाईही हसली, कारण सगळ्याच हसत होत्या. मग सरोजने डोळे पुसत समजावलं, "अहो, सूप म्हणजे भाज्या उकडून, घोटून, गाळून गरम गरम प्यायचं. इंग्रजी शब्द आहे तो."

"त्याला कढन म्हंतात गो," आवडाबाई हळू आवाजात म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. तिने मला काखेत मारलं आणि वळली.

फाटकात समोरून सुमेधा आली, हातात किटली घेऊन. ती काही विचारायच्या आत आवडाबाई म्हणाली, "बाय, उद्यापासून शिकवाला नको येऊ. ह्या वयात मना नाय जमाचं. उगाच लोकांना हसू."

माझी कामटी न कामटी कडकडली. तिचं वाचणं एका अक्षरानेही चुकलं नव्हतं! मला ओरडून सांगायचं होतं, पण तेव्हा मला बोलता येत नव्हतं. सुमेधाने तिचा हात घट्ट धरला आणि ती सोडेना. दोघींची फाटकातच बराच वेळ बोलणी चालली.

इकडे आवारात दुसराच गोंधळ. परीक्षक नीलाताई, ठाण्याला पाककलेचे वर्ग घेणाऱ्या, तासभर उशिरा आल्या आणि तोवर सगळी सुपं गार ढोण झाली. शेगडी आणली तर कोळसा ओला. सरोज फुंकतेय, दुसरी वहीने वारा घालतेय, तिसरी पदराने. जाळ नाही, नुसता धूर. नीलाताई खोकून खोकून बेजार.

आवडाबाईने फाटकातून हे पाहिलं. राग विसरली, लाज विसरली. चुलीची अशी विटंबना तिला बघवेना.

"सरा गो बायांनो! फुकून फुकून मराल!"

तिने माझ्यातल्या कण्या पदरात ओतल्या, शेगडीपुढे उकिडवी बसली आणि मला धरलं. फट् फट् फट् फट्! आयुष्यात इतकं मी कधी नाचलो नव्हतो. ठिणग्या उडाल्या, धूर शाळेच्या कौलांवरून पसार झाला आणि निखारे लालबुंद फुलले. बायका गार हात पुढे करून शेगडीभोवती कोंडाळं करून बसल्या.

पण शेगडी एक आणि पातेली सात. नीलाताईंना तर परत जायचं होतं. शेवटी सरोजने मोठं पातेलं चढवलं आणि सगळ्यांची सुपं एकत्र ओतली. तिचं गाजर-टोमॅटोचं, सुमेधाचं दुधीचं, कुणाचं लाल भोपळ्याचं, कुणाचं पालकाचं. एकीने मटार उसळीला ठेवून नुसत्या सालांचं केलं होतं, दुसरीने कोबीच्या दांड्यांचं. रंग असा झाला की त्याला नाव देता येईना. आणि काटकसरीच्या नादात प्रत्येकीने हात सैल सोडून पाणी ओतलेलं.

"पानचट हाय," आवडाबाईने पळी हलवून निकाल दिला. तिने कण्या पुन्हा माझ्यात घेतल्या. तीन झटके, कोंडा बाहेर. नीलाताई तोंड उघडं टाकून बघत राहिल्या. दोन मुठी कण्या धुऊन पातेल्यात पडल्या. उकळी आली, सूप हळूहळू दाटलं. मग बाईने नुसता वास घेतला नि म्हणाली, "मीठ कमी." मिठागरवाल्याची बायको ती! मीठ पडलं, मिरपूड पडली आणि पेले फिरले.

काय सांगू! नुसते फुर्र फुर्र आवाज. नाकाचे शेंडे लाल झाले, शाली खांद्यावरून घसरल्या. सरोजने तर तिसरा पेला भरताना इकडेतिकडे बघून घेतलं.

"आता बक्षीस द्यायचं कुणाला?" नीलाताईंनी विचारलं. "नियम काय लिहिलेत?"

सरोज नोटीस काढून घेऊन आली आणि वाचणार, तोच सुमेधा म्हणाली, "आवडाबाईंना वाचू दे."

आवडाबाईने कागद माझ्या पाठीवर ठेवला, बोट लावलं. "सूप… घरचे… स्वस्त… आनि थंडीत… ऊब देनारे… असावे. प्रत्येकीने… आपले सूप… घेऊन यावे." मग मान वर करून म्हणाली, "आता सांगा, ह्याच्यात मी कुठं चुकली?"

मघाशी जिचं झाकण पडलं होतं, ती आता खाली बघत होती.

"तुम्ही नाही चुकलात," नीलाताई म्हणाल्या. "चुकली ती नोटीस. नियमाप्रमाणे सूप आणलंय ते तुम्हीच. आणि त्यानेच ऊब दिली." बक्षीस होतं कान असलेला चिनी मातीचा प्याला. तो माझ्या पोटात ठेवला गेला. सरोजने सगळ्यांआधी टाळ्या वाजवल्या, हेही सांगायला हवं.

घरी जाताना रूळ ओलांडल्यावर आवडाबाई थांबली. "सुमेधाबाय, उद्या येशील ना गो? 'कढन' कसं लिवतात त्ये शिकव."

पुढच्या वर्षीची नोटीस सरोजने मुद्दाम आवडाबाईकडूनच लिहून घेतली. अक्षरं मोठी, ओळी तिरक्या. 'सूप स्पर्धा. शनिवारी तीन वाजता. दोनी सुपे आनावी.' व्याकरण सुधारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आणि त्या शनिवारी प्रत्येक बाई एका हातात पातेलं आणि दुसऱ्या हातात सूप घेऊन आली. सात सुपांचा वारा एका शेगडीला! शेगडी बिचारी कोपऱ्यापर्यंत सरकत गेली.

आता माझ्या कठड्याच्या दोन कामट्या सुटल्यात आणि बारीक कण्या गळतात. पाखडायला नवं सूप आलंय. मला मात्र तिने टाकलं नाही. थंडी पडली, कढण चढलं की वारा घालायला मीच. तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणी खुंटीवर असेल, तर त्याला एकदा मेथीचा हात द्या. आणि कुणी 'सूप' म्हणालं की हसण्याआधी कुठलं ते विचारा.

तुम्ही म्हणाल, सूप कधी बोलतं का? माझंही तेच म्हणणं होतं. पण ती दुसरी नोटीस स्पर्धेनंतर आवडाबाईने भिंतीवरून उतरवली, एकदा मोठ्याने वाचली, मग भिजवली, मेथीत कालवली आणि तिचा लगदा माझ्या अंगभर लिंपला. तिने लिहिलेलं पहिलं वाक्य माझ्या पोटात आहे. तेव्हापासून मला बोलता येतं.