एकाहत्तर रोपं

संग्रामपूर तालुक्यातलं शेषरावचं शेत उताराचं. दर पावसाळ्यात वरची काळी माती नाल्यात जायची. म्हणून बांधावर झाडं लावायची सरकारी योजना गावात आली, तेव्हा त्यानं कडुनिंबाची शंभर रोपं लावली. पहिल्या वर्षाचं अनुदान मिळालंही. पुढच्या हप्त्याची अट अशी, की शंभरातली ऐंशी तरी जगलेली दिसली पाहिजेत.

दोन वर्षांनी मार्चमध्ये मोजणीचा निरोप आला. त्या संध्याकाळी शेषराव बांधावर फिरला. एकाहत्तर भरली. काही उन्हानं गेली होती, काही रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, मोडली होती. आणि हा तर गावभर सांगून बसला होता, की आपली झाडं एक नंबर!

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत त्यानं नाल्याकाठच्या मोठ्या निंबाच्या पंधरा फांद्या तोडल्या आणि रिकाम्या खड्ड्यांत रोवून माती दाबली. नऊला कृषी सहायक नाजिश म्याडम यायच्या होत्या. तेवढा वेळ फांद्या सहज टिकल्या असत्या.

नऊ वाजले, दहा वाजले. त्यानं फोन लावला.

"काका, तालुक्याला मीटिंग लागली. दुपारी येते," त्या म्हणाल्या.

ऊन चढत गेलं. अकराला फांद्यांची पानं लोंबायला लागली. शेषरावनं बादली बादली पाणी ओतलं, पण मुळंच नसलेल्या फांद्या ते पिणार कशा?

साडेबाराला त्याची बायको कोकिळा भाकर घेऊन आली. दोन उन्हाळे हातपंपावरून डोक्यावर पाणी आणून रोपं तिनंच जगवली होती. बांधावरचं एकेक झाड तिच्या ओळखीचं. ती पहिल्याच फांदीपाशी थबकली.

"हे काय लावलं तुमी?"

"हळू बोल. नऊ कमी पडून राह्यले."

"मंग कमी सांगा ना! एक फांदी हाती आली, तं म्याडम माह्ये एकाहत्तर बी खोटेच समजतीन."

शेषरावला हे सुचलंच नव्हतं. तो फांदी उपटायला वाकला, तोच बांधाशी स्कूटी थांबली.

नाजिश मलकापूरची, नोकरीचं दुसरंच वर्ष. मोबाईलवर एकेका झाडाचा फोटो घेत ती पुढे आली आणि सुकलेल्या फांदीसमोर थांबली. तिनं शेषरावकडे नुसतं पाहिलं. लेकीच्या वयाच्या पोरीसमोर साठीच्या माणसाचे कान तापले.

"ते झाड नाई, म्याडम," तो म्हणाला. "फांदी हाये. सकाळी मीनंच लावली. अशा पंधरा हायेत. हिले काही माईत नव्हतं."

मग त्यानंच पुढे जाऊन एकेक फांदी उपटली. नाजिश मागून मोजत गेली.

"काका, हे फोटो वर गेले असते, तर तुमचं प्रकरण बाद झालं असतं आणि माझी नोकरी गेली असती," ती म्हणाली. मग तिनं कोकिळेला विचारलं, "काकू, पाणी कोण घालतं?"

"मी."

"या गावात बाकी कोणाची चाळीसच्या वर जगली नाहीत."

कोकिळेनं पदर सावरला. शेषराव खाली बघत राहिला.

नाजिशनं एकाहत्तर लिहिले. हप्ता थांबला. पावसाळ्यात खड्डे भरा, दिवाळीनंतर पुन्हा मोजू, असं सांगून ती गेली.

गोष्ट गावात पोचायला संध्याकाळही झाली नाही. "शेषरावभाऊ, फांद्यायले मुळं फुटले का बे?" असं हॉटेलात ॲटोवाल्या गफ्फारनं विचारलं, तसं शेषरावनं महिनाभर तिकडचा रस्ताच सोडला.

जुलैत त्याच गफ्फारच्या ॲटोत त्यानं रोपवाटिकेतून एकोणतीस रोपं आणली. रोह्यांसाठी भोवती बाभळीचे काटे रचले. ऑक्टोबरच्या उन्हात पाणीही स्वतःच वाहिलं. चौथ्या खेपेला मान आखडली, तसा तो बांधावरच बसला.

"दोन उन्हाळे तुनं हे कसं केलं?"

"मानेनंच," कोकिळा म्हणाली.

नोव्हेंबरात नाजिश आली. त्र्याण्णव झाडं भरली आणि हप्ता मंजूर झाला. मोजताना कोकिळा पुढे होती, एकेक झाड दाखवत. शेषराव मागून चालत होता.