ब्रुनोच्या उवा

यामिला आमच्याकडे आली तेव्हा शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि आमच्या पायसांदू शहरात अजून चांगलंच उकडत होतं. तरी तिच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती, कानांच्या खाली ओढलेली. सात वर्षांची पोर. कोर्टाने तिला तात्पुरतं सांभाळायला माझ्या वहिनीकडे दिलं होतं. वहिनी म्हणजे एल्सिरा, माझ्या भावाची, मिल्टनची बायको. त्यांना स्वतःचं मूल नाही. मी त्यांच्याच अंगणातल्या मागच्या खोलीत राहते आणि बेकरीत कामाला जाते, त्यामुळे त्या घरातलं निम्मं मला दिसतं आणि उरलेलं वहिनी सांगते.

तिला घेऊन आली ती कोर्टाच्या बालविभागातली वेरोनिका. दारातच ती हळू आवाजात म्हणाली, "डोक्यात उवा फार झाल्यात. आधीच्या बालगृहात एकदा सगळ्यांचे केस काढले होते, पण वाढल्यावर पुन्हा झाल्या."

हळू बोलली तरी पोरीने ऐकलं. ती सरळ जेवणाच्या टेबलाखाली शिरली.

"मशीन नको," ती आतून म्हणाली.

वहिनी फरशीवर बसली. गुडघे दुखतात तिचे, तरी बसली. "कसलं मशीन गं?"

"केसांचं. ब्रुनोचे पण काढले. तो खूप रडला."

"आमच्याकडे नाहीये मशीन."

मिल्टनकडे दाढीचं होतं. तो न्हाणीघरात गेला आणि ते मशीन माझ्या हातात आणून दिलं. "ठेव तुझ्या खोलीत," म्हणाला. "आता दाढी वाढवतो."

ब्रुनो तिचा धाकटा भाऊ, चार वर्षांचा. आई त्यांना सोडून गेली होती, बापाचा पत्ता नव्हता. बालगृहात दोघं एकाच पलंगावर झोपत. मग साल्तो शहरातल्या एका जोडप्याने मूल दत्तक हवं म्हणून अर्ज केला, त्यांना लहान हवं होतं. ब्रुनो तिकडे गेला, यामिला आमच्याकडे आली.

संध्याकाळी टोपी निघाली. मी बघायला गेले होते, मला बघवेना. मानेवर खाजवून खाजवून फोड आले होते, काहींवर खपल्या. कानांमागे केसांच्या मुळांशी लिखा अशा बसल्या होत्या, जणू कुणी रवा भुरभुरलाय. उवा तर डोळ्यांदेखत चालत होत्या.

शेजारच्या कोका आजी कुंपणावरून डोकावल्या. "घासलेट चोपड आणि वर फडकं बांध. आमच्या आईने आम्हा सगळ्यांचं तेच केलं."

"आणि आत गॅस पेटवला की पोरगी पण पेटेल, आजी," वहिनी म्हणाली.

"मग कुत्र्याची पावडर आहे माझ्याकडे."

"ती कुत्र्यालाच लावा."

दुसऱ्या दिवशी वहिनी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. नर्सने आधी फोडांना मलम दिलं, ते भरल्याशिवाय डोक्याला औषध लावायचं नाही म्हणाली. औषध एकदा लावायचं आणि आठवड्याने पुन्हा, कारण पहिल्या वेळी उवा मरतात पण लिखा वाचतात, त्या फुटून पुन्हा पिल्लं होतात. आणि खरं काम फणीचं. केस ओले करायचे, भरपूर कंडिशनर लावायचं, एकेक बट घेऊन बारीक दातांची लोखंडी फणी मुळापासून टोकापर्यंत ओढायची, दर वेळी पांढऱ्या कागदावर पुसायची. मध्ये एखाद-दोन दिवस जाऊ द्यायचे आणि पुन्हा बसायचं, चुकवायचं नाही. उशीचे अभ्रे, टॉवेल, टोपी गरम पाण्यात. गादी जाळायची गरज नाही, डोक्यावरून पडलेली ऊ दोन दिवसही जगत नाही.

"उवा उडत नाहीत आणि उड्याही मारत नाहीत," नर्स म्हणाली. "डोक्याला डोकं लागलं की जातात, एवढंच. घरातल्या सगळ्यांची डोकी बघा."

मिल्टनने टक्कल पुढे केलं. "बघ बाई. इथे उवेला उभं राहायला जागा नाही." यामिला तेव्हा पहिल्यांदा हसली, तोंडावर हात ठेवून.

मग फणीचे दिवस ठरून गेले. ती शाळेतून आली, गणवेशाचा पांढरा झगा आणि गळ्याचा निळा बो काढून ठेवला, की वहिनी अंगणात द्राक्षाच्या वेलाखाली खुर्ची मांडायची. यामिला भिंतीकडे तोंड करून बसायची, वहिनी पाठीमागे. पोरीच्या मानेला नुसता हात लागला तरी आधी ती दचकायची. मग हळूहळू खांदे सैल पडायला लागले आणि ती बोलायला लागली. बोलायची भिंतीशी. तोंडावर विचारलं असतं तर एक शब्द निघाला नसता.

"ब्रुनोला अंधारात झोप येत नाही, मावशी. मी त्याचं डोकं माझ्या इथे घ्यायचे." आणि गळ्याजवळ हात ठेवायची. "तो मला मिमी म्हणायचा. मी त्याच्या उवा काढायचे, नखांनी. तो मान खाली घालून गप्प बसायचा. त्याला आवडायचं."

एकदा वहिनीने फणी कागदावर पुसली आणि ऊ नखाखाली चिरडणार, तेवढ्यात यामिला वळली.

"मावशी, ही ब्रुनोची असेल?"

"म्हणजे?"

"आम्ही एकत्र झोपायचो ना. त्याच्या माझ्याकडे आल्या, माझ्या त्याच्याकडे गेल्या. यातल्या काही त्याच्या असतील." मग ती म्हणाली, "एक ठेवू या का?"

वहिनीने मला हे सांगितलं तेव्हा ती टेबलावर कणीक मळत होती आणि हात तसेच कणकेत ठेवून उभी राहिली होती. तिने पोरीला खोटं सांगितलं नाही. म्हणाली, "अगं, एक ठेवली की पुन्हा शंभर होतात. पण ब्रुनोला भेटायचं असेल तर मी बघते काय करता येतं ते."

तिने वेरोनिकाच्या मागे लागून लागून भेट ठरवली. साल्तोचं जोडपं तयार झालं, पण त्यांनी एक अट घातली. मुलीचं डोकं पूर्ण स्वच्छ हवं. वाईट माणसं नव्हती ती. ब्रुनोच्या डोक्यातल्या उवा काढता काढता त्यांच्याही नाकी नऊ आले होते, एवढंच.

यामिलाने ते ऐकलं आणि त्या दिवसापासून खुर्ची तीच मांडायला लागली. शाळेत केस दोन घट्ट वेण्यांत, कुणाची टोपी घालायची नाही, कुणाचा कंगवा नाही. वर्गातल्या मुली मोबाइलवर डोकी जुळवून बघायच्या तेव्हा ही लांब उभी राहायची. "मला गर्विष्ठ म्हणतात," ती म्हणाली, "म्हणू देत."

थंडी सुरू झाली तोवर फणी कोरी निघायला लागली. भेटीचा दिवस ठरला, बसची तिकिटं काढली. आदल्या संध्याकाळी वहिनीने शेवटचं म्हणून बघितलं आणि उजव्या कानामागे तिला एक जिवंत ऊ दिसली. मग आणखी एक. बाकावरच्या शेजारणीच्या डोक्यातून आल्या असणार.

मिल्टन म्हणाला, "काढल्यास ना? मग झालं. कुणाला कळणार आहे?"

"आणि त्यांच्या घरात गेल्या तर? मग पुन्हा दारात उभी करतील का हिला?"

"अगं, दोन तर होत्या."

"मी शब्द दिलाय, मिल्टन."

तिने फोन करून खरं ते सांगितलं. तिकडची बाई, आना लाउरा तिचं नाव, आभार मानून म्हणाली की थोडं पुढे ढकलू या. पाठीवर ओले केस तसेच घेऊन यामिला खोलीत गेली आणि जेवायला आली नाही.

ते थोडं म्हणजे बरंच झालं. हिवाळ्याच्या सुट्टीत ते लोक गावाला गेले, मग ब्रुनोला ताप, मग वेरोनिका रजेवर. वहिनीने पुन्हा औषध लावलं, पुन्हा फणी धरली. यामिला पुन्हा बसायला लागली, पण भिंतीशी आधीसारखी बोलेना. भेट झाली ती झाडांना नवी पालवी फुटल्यावर.

मीही बरोबर गेले होते. साल्तोतल्या बालविभागाच्या कचेरीतली एक खोली, भिंतीवर माकडं रंगवलेली, कोपऱ्यात खेळणी. ब्रुनो फरशीवर ट्रक चालवत बसला होता. गोबरा झाला होता, नवे बूट, केस छान वाढलेले. यामिला दारात उभी राहिली. दोन वेण्या, नवा स्वेटर.

ब्रुनोने वर बघितलं आणि आना लाउराला विचारलं, "आई, ही कोण?"

यामिलाच पुढे झाली. "मी मिमी," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे नीट बघितलं, दुकानात नवीन माणसाकडे बघतात तसं, आणि पुन्हा ट्रक चालवायला लागला. ती त्याच्या शेजारी बसली. ट्रकसाठी पूल करून दिला. बराच वेळ गेला. मग तिने विचारलं, "डोकं बघू?"

आणि त्या मुलाने, जो तिला ओळखत नव्हता, ट्रक हातातच ठेवून मान खाली घातली. आपणहून. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं. यामिलाने बटा बाजूला करत कानांमागे बघितलं, मानेवर बघितलं, वहिनी बघते अगदी तसं, घाई न करता. तो हलला नाही.

"काही नाहीये," ती आना लाउराकडे वळून मोठ्या बाईसारखी म्हणाली. "छान ठेवलंय तुम्ही."

आना लाउरा तोंड वळवून पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. शोधायला काही नव्हतं.

परतीच्या बसमध्ये यामिला खिडकीपाशी बसली होती. संत्र्यांच्या बागा गेल्या, गुरं गेली. मग तिने विचारलं, "तो मला विसरला, नाही का गं मावशी?"

वहिनी म्हणाली, "लहान आहे गं तो. आणि मी वेळ लावला. तेव्हाच नेलं असतं तर ओळखलं असतं त्याने."

"तू खरं सांगितलंस म्हणून वेळ लागला."

यात राग होता की समजूत, ते मला कळलं नाही. वहिनीलाही कळलं नाही, आणि ती आजवर तेच धरून बसली आहे.

पुढच्या भेटीचं विचारायच्या आधीच वेरोनिका घरी आली. मिल्टनने येर्बाच्या कडू चहाचा प्याला भरून दिला, तो तिने हातातच धरून ठेवला. म्हणाली, भेटीनंतर ब्रुनो झोपेना. पलंगाखाली, कपाटात शोधायचा, मिमी कुठे आहे म्हणून. इतके महिने कोरडा असलेला पलंग पुन्हा ओला करायला लागला. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की तो रुळेपर्यंत भेटी नकोत. किती दिवस, ते कुणी सांगू शकत नव्हतं.

"तिला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा," वेरोनिका म्हणाली.

वहिनीने सगळं सांगितलं. यामिला अंगणात गणितं करत होती. तिने पेन्सिल खाली ठेवली नाही.

"मला शोधत होता?"

"हो."

"मिमी म्हणाला?"

"मिमीच म्हणाला."

"म्हणजे ओळखलं होतं त्याने." तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, अगदी क्षणभर. मग पुढची गोष्ट तिच्या लक्षात आली. त्याने ओळखलं म्हणूनच आता भेट नाही. ती उठली, वही मिटून काखेत घेतली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आमच्याकडे आल्यापासून ती कधी आवाज काढून रडली नव्हती. त्या दुपारी रडली. कोका आजी कुंपणापाशी आल्या आणि तशाच परत गेल्या.

वहिनी बंद दाराशी उभी होती. मला वाटलं ती आत जाईल. ती तिथेच खाली बसली, दाराला पाठ लावून, आणि रडणं थांबेपर्यंत उठली नाही.

यामिला आता आमचीच झाली आहे, कागदोपत्रीसुद्धा. मिल्टनला बाबा म्हणते. ते जोडपं पुढे राजधानीत, मोंतेविदेओला राहायला गेलं, आणि ब्रुनोचं नाव आता वेगळं आहे असं ऐकलं. कोणतं, ते आम्हाला सांगितलं नाही.