पंचेचाळीस अंशांचं खोटं

मित्रांनो, मी एक जुनी विजेची भट्टी आहे. पोलाद माझ्या पोटात लालबुंद होतं, मग तेलात बुडवतात आणि ते कडक होतं. कारागीर याला 'पोलादाला पाणी देणं' म्हणतात.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं राबले. धोंडीबा मला सांभाळायचा. माझ्या पोटात उष्णता मोजणारी एक तार असते. ती जुनी झाली की आकडा चुकतो, म्हणून तो दरवर्षी न चुकता ती बदलायचा. तो निवृत्त झाला आणि तार तशीच राहिली. आकडा आठशे अंश दाखवायचा, पण आतून मी त्याहून कितीतरी जास्त तापायचे. मला ते कळत होतं, मित्रांनो, पण सांगणार कशी? शेवटी एके दिवशी सगळा माल तडकला. बोल मला लागला. माझ्यावर ताडपत्री पडली आणि तिच्यावर रंगाचे रिकामे डबे रचले गेले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मी फार दमले होते.

चार वर्षांनी ताडपत्री उचलली ती योगिनीने. कोपरीत राहत्या घराच्या मागच्या खोलीत ती स्वयंपाकाच्या सुऱ्या बनवते. ती गॅसच्या ज्योतीवर, नुसत्या नजरेच्या अंदाजाने पोलाद तापवायची. अशीच एक सुरी मासळीबाजारातल्या गोदामावशीने घेतली होती. घोळ माशाचं डोकं फोडताना पात्याचा तुकडा उडाला आणि तिच्या भुवईत घुसला. बोटभर खाली असता, तर डोळाच गेला असता. त्या दिवसापासून योगिनीने एकही सुरी विकली नव्हती.

नव्या भट्ट्या तिने पाहिल्या होत्या. परवडणाऱ्या होत्या त्यांत तिचं नऊ इंची पातं मावत नव्हतं. मोठ्या होत्या त्या घरच्या विजेवर चालत नव्हत्या. मी जुनी, पण घरच्या विजेवर चालणारी. तिने त्याच मापाचं लाकडी पातं माझ्या पोटात सरकवून पाहिलं. बसलं. मग पिशवीतून स्वतःचा तापमापक काढला.

"चालू करा," ती म्हणाली.

कारखान्याचा प्रशांत घाईत होता. "ताई, एकदम ओके आहे हो. घेऊन जा."

तासाभराने माझा आकडा आठशेवर आला. तिचा आठशे पंचेचाळीसवर.

"एवढ्याने काय होतंय?" प्रशांत म्हणाला.

"पातं ठिसूळ होतं. एका बाईच्या भुवईला पाच टाके पडलेत, साहेब."

प्रशांत खाली बघत म्हणाला, "धोंडीबा निवृत्त झाला, तेव्हापासून तार बदललेलीच नाही. आम्ही हिलाच दोष देत बसलो."

ती जाईल असं मला वाटलं. जावी असंही वाटलं. पण ती म्हणाली, "तार मी बदलेन. आतल्या विटा चांगल्या आहेत हिच्या."

कोपरीत आल्यावर नवी तार बसली. पहिलं पातं तयार झालं, मूठ बसली, धार लागली. योगिनीने गोदामावशीला घरी बोलावलं. भुवईवरचा व्रण अजून ताजाच होता.

"नको गो बाय," मावशी दारातूनच म्हणाली, "तुझी सुरी नको मना."

"घेऊ नकोस, मावशी. नुसती बघ."

योगिनीने पाटावर घोळीचं डोकं ठेवलं, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि स्वतः घाव घातला. एक, दोन, सात. हाड दुभंगलं. मावशीने सुरी हातात घेतली, पात्यावरून नख फिरवलं, उजेडात धरून पाहिली. कुठे खाच नव्हती. मग तिने ती पदराला पुसली आणि आपल्या टोपलीत ठेवली. योगिनी माझ्याशेजारी खाली बसली आणि हुंदके देऊन रडली.

मित्रांनो, मी अजूनही दमलेली आहे. तापताना माझं अंग करकरतं, दार नीट लागत नाही. तरी तापते. तुमच्याकडे असं एखादं जुनं यंत्र असेल, तर त्याच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका, आणि चुकलं म्हणून लगेच अडगळीतही टाकू नका. ते कधी तपासलं होतं, एवढं आधी आठवून पाहा. आम्हाला चूक कळते, मित्रांनो, पण कबूल करायला तोंड नसतं.